माणसांची पारख

माझा एक पुतण्या अमेरिकेंत असतो. एप्रिल महिना जवळ आला कीं त्याच्या बोलण्यांत घरच्या खुशालीपेक्षां एकाच विषयाला अधिक जागा मिळूं लागते. तो विषय म्हणजे तिकडच्या कॉलेजांतील फुटबॉलच्या गड्यांची धंदेवाईक संघांकडून होणारी निवड. हा फुटबॉल आपला नव्हे. यांत चेंडू पायानें मारण्यापेक्षां हातांत घेऊन पळण्याचें व फेंकण्याचेंच काम फार. मला त्या खेळाची गोडी नाहीं. परंतु निवडीची रीत त्यानें समजावून दिल्यापासून तिच्याकडे मात्र मी मोठ्या कुतूहलानें पाहत आलों आहें.

ही रीत १९३६ सालची. गेल्या हंगामांत जो संघ सर्वांत दुबळा ठरला त्यानें पहिला गडी उचलावा, विजेत्यानें शेवटीं, असा तिचा न्याय आहे. आज बत्तीस संघ सात फेऱ्यांत अडीचशेंहून अधिक तरुण निवडतात. गंमत अशी कीं, पहिल्याच वर्षीं अगदीं पहिला निवडलेला गडी, शिकागो विश्वविद्यालयाचा जे बर्वँगर, त्या धंद्यांत एक सामनाहि खेळला नाहीं!

निवडीपूर्वीं सुमारें तीनशें उमेदवारांना इंडियानापोलिस शहरीं बोलावितात. तेथें काय चालतें हें ऐकून आमच्या घरांतील बायकांना मुलगी पाहण्याचा कार्यक्रम आठवला, आणि मला वाटतें, त्यांना नेमकें तेंच आठवावें हें योग्यच होतें. उंची पाहतात, वजन करतात, हाताची वीतसुद्धां मोजतात. चाळीस यार्ड धांवावयास सांगून घड्याळ लावतात. सव्वादोनशें पौंडांचें वजन उताणें निजून किती वेळां उचललें तें मोजतात. डॉक्टर जुन्या दुखापती चाचपतात, आणि मग एकेका संघाचे लोक त्याला समोर बसवून प्रश्न विचारतात. २००० सालीं या परीक्षेंत टॉम ब्रेडी नांवाच्या एका किडकिडीत तरुणाला चाळीस यार्डांना ५.२८ सेकंद लागले. त्याच्याच जागेवर खेळणारे सहाजण त्याच्या आधीं निवडले गेले. त्याचा क्रमांक १९९ वा लागला. पुढें तो सात वेळां अजिंक्यपदाचा धनी झाला.

ब्रेडीची जागा क्वार्टरबॅकची, म्हणजे चेंडू फेंकणाऱ्या म्होरक्याची. अंगावर चार-पांच धिप्पाड माणसें चालून येत असतां, दोन-तीन सेकंदांत, आपला सोबती क्षणभरानें कोठें असेल हें ओळखून त्याला चेंडू टाकावयाचा असतो. मोकळ्या मैदानावर घड्याळ लावून ही गोष्ट कशी मोजणार? मोजतां येतें तें मोजलें जातें, आणि मोजलेल्याला मग नको इतकें महत्त्व येतें.

केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोन पंडितांनीं या निवडींचा हिशेब मांडून पाहिला आहे. एकाच जागेसाठीं लागोपाठ निवडलेल्या दोघांपैकीं आधीं निवडलेला गडी सरस ठरण्याचें प्रमाण निघालें शेंकडा ५२. नाणें उडविलें असतें तरी ५० मिळाले असते. याचा अर्थ पारख्यांना कांहींच कळत नाहीं असा नव्हे. पहिल्या फेरींतले गडी शेवटच्या फेरींतल्यांपेक्षां एकंदरींत चांगलेच निघतात. ढोबळ फरक दिसतो. बारीक फरक दिसल्यासारखा वाटतो, एवढेंच. आणि त्या बारीक फरकासाठींच संघ भलती किंमत मोजतात, असें त्या दोघांचें म्हणणें.

मला जाचते ती गोष्ट याच्याहि पुढची आहे. वर निवडलेल्याला पैसा अधिक, आणि संधीहि अधिक. त्याच्या चुका पुष्कळ दिवस पोटांत घातल्या जातात. खालच्याची एक चूक त्याला घरीं बसविण्यास पुरते. आमच्या एकत्र कुटुंबांत एका मुलाला अभ्यासाला माडीवरची खोली होती आणि दुसऱ्याला माजघरांतला कोपरा. दोघांच्या गुणांत अंतर होतें अवघें अकरा. पुढें तें वाढलें, तेव्हां वडील मंडळींना आपली पारख खरी ठरली असें वाटलें. माडी कोणी हिशेबांत धरली नाहीं.

२०२१ सालीं सॅन फ्रान्सिस्कोच्या संघानें बाराव्या क्रमांकावरून तिसऱ्यावर येण्यासाठीं पुढील दोन वर्षांच्या पहिल्या फेरींतील निवडीहि देऊन टाकल्या, आणि ट्रे लान्स हा क्वार्टरबॅक घेतला. पुढच्या वर्षीं त्याच संघानें सर्वांत शेवटचा, २६२ वा गडी उचलला: ब्रॉक पर्डी. या शेवटच्या मानकऱ्याला तिकडे थट्टेनें ‘नगण्य महाशय’ अशा अर्थाची पदवी देतात. लान्सचा घोटा मोडला, नंतर दुसराहि एक क्वार्टरबॅक जायबंदी झाला, म्हणून पर्डीला मैदानांत उतरविणें भाग पडलें. आणि फेब्रुवारी २०२४ मध्यें तो संघाला अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला. लान्स खरोखरच कमी होता काय? त्या संघाकडून आरंभापासून खेळावयास त्याला चारच सामने मिळाले. चार सामन्यांवरून कोण सांगणार? ऑगस्ट २०२३ मध्यें त्याला डॅलसच्या संघाकडे धाडण्यांत आलें. बदल्यांत चौथ्या फेरींतील एक निवड मिळाली.