पाळण्यातले पाय

बाळाचे पाय पाळण्यात दिसतात, असं आपण अगदी सहज म्हणून जातो. अमेरिकेत मात्र हे पाय बघण्याचा एक मोठा उद्योगच आहे.

तिथला फुटबॉल म्हणजे आपला गोव्यातला फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट, आणि खेळ बराचसा हातांनी. त्यात क्वार्टरबॅक हा संघाचा म्होरक्या. चेंडू त्याच्या हातात आला की समोरचे दांडगे गडी अंगावर कोसळण्याआधी, दोन-तीन सेकंदांत, तो कुणाकडे फेकायचा हे त्याला ठरवावं लागतं. दरवर्षी कॉलेजातल्या खेळाडूंमधून व्यावसायिक संघ आपापले गडी निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. आदल्या हंगामात सर्वांत मागे पडलेल्या संघाला पहिली निवड. त्याआधी इंडियानापोलिसला पोरांची तपासणी होते. उंची, वजन, पंजाची लांबी, चाळीस यार्ड धावायला लागलेला वेळ. कित्येक वर्षं तर बारा मिनिटांत पन्नास प्रश्नांची लेखी परीक्षाही असायची. आमच्या सरकारी भरतीची आठवण यावी असा थाट!

एवढं मोजूनही काय होतं बघा. १९९८ साली पेटन मॅनिंग आणि रायन लीफ यांत सरस कोण, यावर जाणकारांत वाद होता. मॅनिंगला इंडियानापोलिस कोल्ट्सनी पहिल्या, तर लीफला सॅन डिएगो चार्जर्सनी दुसऱ्या क्रमांकावर घेतलं. पहिल्या हंगामात लीफचे १५ चेंडू प्रतिस्पर्ध्यांनी मधेच पकडले. आणि मॅनिंगचे? तब्बल २८! मॅनिंगने २६ टचडाउन करून दिले आणि लीफने फक्त २, हे खरं. पण कोल्ट्स १६ पैकी १३ सामने हरलेच. पुढच्या वर्षी त्याच मॅनिंगला घेऊन ते १३ सामने जिंकले. तो आपल्या चुकांच्या चित्रफिती पुन्हा पुन्हा बघणारा माणूस. लीफ चुकला की चिडायचा, पत्रकारांवर ओरडायचा. चार-पाच वर्षांत त्याचा खेळ संपला. चुकल्यानंतरच्या सोमवारी पोरगा काय करतो, हे कुठल्या फूटपट्टीने मोजणार?

२००० साली टॉम ब्रेडीचा नंबर लागला १९९ वा. त्याच्याआधी सहा क्वार्टरबॅक निवडले गेले होते. अंगाने किरकोळ, धावायला मंद. चाळीस यार्डांना सव्वापाच सेकंदांहून जास्त. २००१ मध्ये न्यू इंग्लंडचा मुख्य क्वार्टरबॅक जखमी झाला म्हणून त्याला संधी मिळाली. पुढे त्याने सात सुपर बोल जिंकले.

पण मला सर्वांत जास्त विचार करायला लावते ती २००५ ची निवड. अॅलेक्स स्मिथ पहिला, अॅरन रॉजर्स चोविसावा. स्मिथ सॅन फ्रान्सिस्कोच्या ढेपाळलेल्या संघात गेला. तिथे आक्रमण शिकवणारा प्रशिक्षक जवळजवळ दरवर्षी बदलला. म्हणजे दरवर्षी नवी बाराखडी. रॉजर्स ग्रीन बेमध्ये तीन वर्षं ब्रेट फार्व्हच्या मागे बसून शिकला, आणि २०११ मध्ये त्याने सुपर बोल जिंकून दिला. पुढे चांगला प्रशिक्षक मिळाल्यावर स्मिथही बहरलाच की! लग्न जुळवताना मुलगी कशी आहे ते दहादा विचारतात, सासर कसं आहे ते कुणी विचारत नाही, तसंच हे. पोराचं भवितव्य वर्तवताना निम्मा हिशेब त्याला घेणाऱ्या घराचा असतो.

कचेरीत गोपनीय अहवालांच्या फायली माझ्याच टेबलावरून जातात. एका साहेबाच्या हाताखाली वर्षानुवर्षं ‘साधारण’ शेरा मिळालेला माणूस दुसऱ्या विभागात गेल्यावर तिथला कणा झालेला मी पाहिलाय. माणूस तोच, शाईसुद्धा तीच.

हे सगळं मी एवढ्या आस्थेने का वाचतो, ते सांगतो. माझा मुलगा बारावीत आहे. आपल्या फुटबॉलमध्ये गोलकीपर. गेल्या मोसमात एका क्लबच्या निवड चाचणीत त्याच्या नावापुढे ‘हात चांगले, उंची कमी’ एवढंच लिहिलं गेलं. तो दोन दिवस धड जेवला नाही. बायको म्हणते, बरं झालं, आता अभ्यासाला लागेल. शेजारचे काका म्हणतात, उंची का कुणाच्या हातात असते?

ब्रेडी हा लाखातला एक, हे मलाही कळतं. १९९ व्या क्रमांकाचे बाकीचे पुढे विसरलेच जातात. त्यामुळे पोराला खोटी आशा दाखवणार नाही. बी.ए.चा फॉर्म भरायचा, हे ठरलंय. पण गावच्या संघाला एक निवृत्त प्रशिक्षक संध्याकाळी शिकवतात. चुकलेल्या पोराला ते मैदानाबाहेर काढत नाहीत. तोच चेंडू पुन्हा अडवायला लावतात. त्यांच्याकडे दोन वर्षं पाठवायचं, असं मी बायकोला सांगितलंय.

ती अजून हो म्हणालेली नाही.