कोपऱ्यातले नाव

आमच्या घरात बिननावाचे भांडे सापडणार नाही. पितळेच्या पातेल्यापासून स्टीलच्या वाटीपर्यंत प्रत्येकावर टिंबाटिंबांनी कुणाचे ना कुणाचे नाव घातलेले आहे. भांड्यांच्या दुकानात पैसे दिले, की दुकानदार ते खरखरणारे यंत्र हातात घेऊन विचारतो, "नाव काय घालायचं?" अशा घरात वाढलेल्या माणसाला आपल्या फोटोंवरही नाव घालावेसे वाटले, तर त्यात नवल ते काय?

मी पेशाने मराठीचा प्राध्यापक. चाळिशी उलटली, की कुणी पेटी शिकू लागतो, कुणी मधुमेह सांभाळू लागतो. मी कॅमेरा घेतला. गेल्या पावसाळ्यात सिंहगडावरच्या कल्याण दरवाजाचा धुक्यातला एक फोटो मला बरा साधला. मोठ्या हौसेने तो मी चार स्नेह्यांना धाडला. आठवड्याने एका सहकाऱ्याकडून मला 'शुभ प्रभात' आले. दरवाजा तोच, धुके तेच. खाली मात्र एका अनोळखी गृहस्थांचे नाव! "काय सुंदर फोटो आहे, नाही?" असे त्या सहकाऱ्याने वर मलाच विचारले.

त्याच रात्री मी निश्चय केला. यापुढे माझा प्रत्येक फोटो पांढऱ्या चौकटीत बसेल, आणि त्याच्या कोपऱ्यात वर्तुळात कोंडलेले ते इंग्रजी 'सी' अक्षर, साल आणि माझे नाव असेल. हाताने हे करायला एका फोटोला चार मिनिटे लागत. फोटो होते ६४०. म्हणजे जवळजवळ ४३ तास! अकरावीतले चिरंजीव माझी ही तपश्चर्या दोन दिवस पाहत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "बाबा, हे हातानं काय करत बसलायस? एक स्क्रिप्ट लिही. सगळं आपोआप होईल."

इमेजमॅजिक नावाची एक फुकट मिळणारी आज्ञावली आहे. तिला खिडक्या नाहीत, बटणे नाहीत. आज्ञा टंकित करावी आणि तिने ती पाळावी, एवढाच व्यवहार. वर्गात माझी आज्ञा कुणी पाळीत नसल्यामुळे मला हा प्रकार फारच आवडला. पण आज्ञाधारक नोकर आणि शहाणा नोकर यांत अंतर असते. पहिल्या खेपेस माझ्या नावाच्या जागी नुसते चौकोन उमटले, कारण निवडलेल्या टंकात देवनागरी अक्षरेच नव्हती. टंक बदलला, तर नावातली ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या अलीकडे न येता पलीकडे जाऊन बसली! अक्षरांची जुळणी करणारे साहाय्य जोडलेले नसले, तर ही आज्ञावली ज्या क्रमाने अक्षरे साठवली त्याच क्रमाने ती मांडून मोकळी होते. वीस वर्षे मुलांच्या वेलांट्या सुधारण्यात घालवलेल्या माणसावर ही वेळ यावी! चिरंजीवांनी ते साहाय्य जोडून दिले, तेव्हा कुठे माझे नाव शुद्ध झाले.

मग उभ्या फोटोंवर नाव आडवे झाले. कॅमेरा फोटो साठवतो तो आडवाच, आणि 'मला उभे करा' अशी चिठ्ठी सोबत ठेवतो; ती चिठ्ठी आधी वाचून फोटो सरळ करावा लागतो. लहान फोटोवर नाव पाटीएवढे आणि मोठ्यावर मुंगीएवढे दिसे. म्हणून त्याचा आकार फोटोच्या रुंदीच्या प्रमाणात ठरवला. चौकट कुणीही कातरून टाकील, म्हणून नाव चौकटीवर न घालता फोटोच्या आत, उजव्या कोपऱ्यात घातले. आणि पांढरी अक्षरे उजळ भागावर दिसेनात, म्हणून त्यांच्यामागे काळी पट्टी दिली. एवढे झाल्यावर 'पोटातल्या सर्व फोल्डरांतही जा' अशी एक ओळ मी माझ्या शहाणपणाने वाढवली, कळ दाबली आणि चहा घ्यायला उठलो. परत आलो तो सारे फोटो नाव घालून तयार! मुलगी उजवून आलेल्या बापासारखा मी कृतकृत्य होऊन खुर्चीत बसलो.

त्यातले काही फोटो मी लगेच घरच्या मंडळींना धाडले. दहा मिनिटांत चिपळूणहून आईचा फोन आला.

"अरे, हा गुहागरचा फोटो तू काढलास?"

"कुठला गं?"

"मी समुद्राशी उभी आहे तो. खाली तुझं नाव आहे. पण तेव्हा तू माझ्या कडेवर होतास की रे!"

मला हसू आले. पण आई हसत नव्हती. थोडे थांबून ती म्हणाली, "आणि इथं कोपऱ्यात ह्यांची सावली होती. ती कुठं गेली?"

मी धावत संगणकाशी गेलो. माझ्या फोटोंच्या पोटात 'अण्णा' नावाचे एक फोल्डर होते. वडिलांनी आग्फा क्लिक थ्रीवर काढलेले आमचे सारे बालपण त्यात होते. एका रोलवर बाराच चौकोनी फोटो येत, त्यामुळे अण्णा एकेक फोटो औषधाच्या थेंबासारखा जपून काढीत. सूर्य पाठीशी घ्यावा, हा त्यांचा नियम. म्हणून त्या सकाळी गुहागरच्या वाळूवर त्यांची सावली पुढे पडली आणि फोटोच्या कोपऱ्यात उतरली. फोटो काढणारे तेच. तेव्हा त्या साऱ्या संग्रहात अण्णा असे नाहीतच. आहे ती एवढी सावली. तिच्यावर आता काळी पट्टी होती, आणि पट्टीवर माझे शुद्ध मराठीतले नाव.

मूळ फोटो शोधू लागलो, तेव्हा मला घाम फुटला. मी वापरलेली 'मॉग्रिफाय' ही आज्ञा निराळी प्रत काढीत नाही; दुसरी जागा सांगितली नाही, तर मुळावरच लिहिते. तिच्या माहितीपत्रकात तसे स्पष्ट म्हटले आहे. विद्यार्थ्यांना 'प्रश्न नीट वाचा' म्हणून बजावणाऱ्या मी ते वाचले नव्हते. आणि कागदावरचे फोटो? ते २०२१ च्या जुलैत चिपळूणला पूर आला तेव्हा धाकट्या भावाच्या घरातल्या कपाटासकट चिखलात गेले होते.

रात्री अकराला नागपूरला ताईला फोन केला. तिनेच २०१९ च्या दिवाळीत चार दिवस बसून ते सारे फोटो संगणकात उतरवले होते. माझे सगळे ऐकून घेऊन ती म्हणाली, "माझ्याकडे पेन ड्राइव्हवर आहेत. घाबरू नकोस." माझा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच तिने विचारले, "पण मला सांग, हे फोटो तुझे कधीपासून झाले रे?"

उत्तर सुचेना, तेव्हा मी कायद्याचा आधार शोधू लागलो. कायदा ताईच्या बाजूचा निघाला! मुळात त्या वर्तुळातल्या 'सी'ची सक्तीच नाही. बर्न कराराच्या १९०८ च्या दुरुस्तीपासून स्वामित्वहक्क निर्मितीबरोबर आपोआप जन्मतो. आपल्या १९५७ च्या कायद्यात छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारा, आणि २०१२ च्या दुरुस्तीने त्याला लेखकाच्या पंक्तीला बसवले आहे: हयातभर हक्क आणि पुढे साठ वर्षे. माणूस गेल्यावर हक्क वारसांकडे जातो. पण कर्ता म्हणून नाव त्याचेच राहते. अण्णांचे वारस आम्ही चौघे: आई, ताई, धाकटा भाऊ आणि मी. म्हणजे फार तर त्या सावलीचा चौथा हिस्सा माझा!

आठवड्याने पेन ड्राइव्ह आला. ताई मूळची चिकट. तिने फोटोंच्या पाठीसुद्धा उतरवून ठेवल्या होत्या. त्यांवर अण्णांच्या निळ्या शाईतल्या ओळी होत्या: 'गुहागर, मे १९८२. सौ. व बाळ.' कुठेही स्वतःचे नाव नाही. मी नवी स्क्रिप्ट लिहिली. मूळ फोटोंना हात न लावता तयार प्रती दुसऱ्या फोल्डरात ठेवायची पहिली ओळ चिरंजीवांनी घातली. चौकट जुन्या फोटोंसारखी पांढरी, खाली जरा रुंद. आणि त्या रुंद पट्टीवर अण्णांनी पाठीवर लिहिलेली ओळ, अधिक तीनच शब्द: 'फोटो अण्णांनी काढला.' फोटोच्या आत काही नाही. ज्याला चौकट कातरायची असेल, त्याने खुशाल कातरावी.

गुहागरचा फोटो आईला पुन्हा धाडला. "आता बरोबर आहे," एवढेच ती म्हणाली.

परवा तिच्याकडे गेलो होतो. तिने वाटीत खीर आणून दिली. खीर संपली तेव्हा वाटीवरचे नाव दिसले. ते होते माझ्या मामाचे. इतकी वर्षे त्या वाटीत खाऊनही माझ्या कधी ध्यानात आले नव्हते, की आमच्या घरातल्या निम्म्याअधिक भांड्यांवर घरच्या कुणाचे नाव नाही. ज्याने दिले, त्याचे आहे.