बोटीवरचा बट्टा

समुद्रपर्यटनाला निघालेल्या माणसाला सल्ला द्यायला सारे जग टपलेले असते. आम्हां उभयतांना निघण्यापूर्वी जे सल्ले मिळाले त्यांतले निम्मे बोट लागण्याविषयी होते. आवळासुपारी तोंडात धरा, आल्याच्या वड्या न्या, क्षितिजाकडे पाहत राहा. बोट काही आम्हांला लागली नाही. हल्लीच्या या बोटी दहाबारा मजल्यांच्या चाळीएवढ्या. त्या हलवायच्या म्हणजे समुद्रालाच कष्ट. पण बोटीचे दुसरेही एक लागणे आहे. ते बोटीवर कळत नाही. घरी परतल्यावर, बँकेचे पत्रक उघडताना कळते. त्याविषयी मात्र कुणी अवाक्षर काढले नव्हते.

त्या लागण्याचे जुने नाव बट्टा. परमुलखाचे नाणे पुढे केले की सराफ ते उलटसुलट करून पाही आणि आपला बट्टा कापून घेई. आता सराफाच्या जागी बँक आली आणि बट्ट्याचे 'फॉरिन करन्सी मार्कअप' असे भारदस्त बारसे झाले. आपल्याकडच्या पुष्कळशा क्रेडिट कार्डांवर हा मार्कअप साडेतीन टक्के असतो, आणि त्या साडेतीनावर पुन्हा १८ टक्के जीएसटी. म्हणजे लाख रुपयांचा खर्च परकीय चलनात केला, की ४,१३० रुपये नुसते नाणे बदलल्याबद्दल गेले. चार हजारांनी कुणी भिकेला लागत नाही, हे खरे. पण तेवढ्यात आमच्या घरी दोन महिन्यांचे दूध येते.

शिवाय हे पैसे माझे नव्हते. सौ. चौतीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाली, आणि तिच्या फंडातला एक हिस्सा तिने या सफरीसाठी वेगळा काढला होता. तो हाती देताना तिने दोन अटी घातल्या. "एक, माझे पैसे समुद्रात बुडाले तरी चालतील, बँकेच्या पोटात जाता कामा नयेत. आणि दोन, बोटीवर पाय ठेवल्यावर तुम्ही वही काढायची नाही." मी जन्मभर हिशेबखात्यात काढलेला माणूस. पहिली अट आनंदाने मान्य केली. दुसरी पाळायची तर सारा हिशेब घरीच उरकायला हवा, हे ओघानेच आले.

आमचा मार्ग सिंगापूर, पेनांग, फुकेत आणि परत सिंगापूर असा. दिवस मोजके, पण नाणी चार! सिंगापुरात त्यांचा डॉलर, पेनांगला मलेशियाचा रिंगिट, फुकेतला थायलंडचा बाट, आणि बोटीवर या तिन्हींपैकी काहीच नाही. तिथे अमेरिकेचा डॉलर. बोट आशियाच्या समुद्रात, खलाशी आणि वाढपी देशोदेशींचे, प्रवासी निम्मे आपल्याकडचे, आणि कॉफीची किंमत अमेरिकन सेंटांत. सगळ्याच बोटींचे असे नसते. भूमध्य समुद्रातल्या काही बोटींवर युरो चालतो. म्हणून तिकीट काढतानाच 'बोटीचे नाणे कोणते?' हे विचारून घ्यावे. पुढचा सारा हिशेब त्यावर उभा राहतो.

आमचे एक मामा साठच्या दशकात बॅलार्ड पिअरवरून आगबोटीने विलायतेला गेले. त्या काळी परकीय चलनाची टंचाई एवढी, की तिकडे नोकरीला जाणाऱ्या कित्येकांनी तीन पौंड खिशात घालून मुंबईचा किनारा सोडला. मामांना हुंडणावळीची काळजी नव्हती. हुंडणावळ करायला जवळ काही असायला हवे ना! २००४ साली रिझर्व्ह बँकेने उदारीकृत प्रेषण योजना काढली. तिच्याखाली आज आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात. अडचण परवानगीची उरली नाही. आता प्रश्न वाटेतल्या गळतीचा.

बोटीवर पैसा दिसत नाही, ही त्या गळतीची पहिली गोम. चढताना तुमचे बँकेचे कार्ड नोंदवून घेतात आणि हाती बोटीचे कार्ड देतात. त्यानेच खोलीचे दार उघडते, त्यानेच सरबत येते आणि त्यानेच केस कापून मिळतात. जेवणखाण तिकिटात आलेले असते. पण खास कॉफी, इंटरनेट, इस्त्री, किनाऱ्यावरच्या सहली हे सारे खात्यावर चढते. न मागताही चढते ती बक्षिसी : आमच्या बोटीवर माणशी रोज अठराएक डॉलर. पेय मागवले तर त्यावर आणखी १८ टक्के. एवढी बक्षिसी पाहून आमच्या गल्लीतला वाढपी उद्याच्या उद्या खलाशी होईल.

ही बक्षिसी आम्ही तिकिटाबरोबरच मुंबईत, एजंटाकडे रुपयांत भरून टाकली. रुपयांत दिलेल्या पैशांवर बँकेचा बट्टा नाही. मात्र डॉलरचा भाव काय लावला हे एजंटाला तोंडावर विचारावे, कारण बट्टा भावातही लपून बसतो. परदेशी कंपनीच्या संकेतस्थळावर किंमत रुपयांत दिसली म्हणूनही हुरळून जाऊ नये. व्यापारी परदेशातला असला की रुपयांतल्या व्यवहारावरही शुल्क घेणाऱ्या बँका आहेत.

राहिला बोटीवरचा किरकोळ खर्च. तो भागवायच्या वाटा तीन. आपले नेहमीचे क्रेडिट कार्ड, म्हणजे वर सांगितलेला बट्टा. काही बँका आता मार्कअप न घेणारी कार्डेही देतात. तसे असेल तर उत्तमच, फक्त वर्षाची वर्गणी पाहून घ्यावी. दुसरी वाट आगाऊ डॉलर भरलेल्या फॉरेक्स कार्डाची. डॉलरच्या बोटीवर डॉलरचे कार्ड, बट्टा नाही. पण तेच कार्ड रिंगिटमध्ये वापरले की नाणे बदलल्याचा दंड पुन्हा हजर. तिसरी वाट रोकडीची. पुष्कळ बोटींवर कार्डाऐवजी रोख अनामत ठेवता येते आणि उरलेली शेवटी परत मिळते. आम्ही ही जुनाट वाट धरली. फोर्टात दोघांकडे आणि दादरला एकाकडे डॉलरचे भाव विचारले. 'कमिशन शून्य' अशी पाटी तिघांकडेही होती आणि भाव तिघांचे तीन! बाजारभावाशी ताडून पाहिले, तर सगळ्यांत सज्जन माणूस डॉलरमागे एक रुपया दहा पैसे खात होता. लाखभर रुपयांच्या चलनावर जीएसटी १८० रुपये, तो निराळा. तरीही गणित कार्डापेक्षा निम्म्याहून कमी भरले. सिंगापूरच्या खर्चापुरते त्यांचे डॉलर तेवढे एका फॉरेक्स कार्डावर भरले.

सिंगापूरला उतरल्यावर गोड गळ्याची एक मुलगी भेटली. ती एका घड्याळाच्या दुकानात होती, हे आधी सांगितलेले बरे. जावयासाठी घड्याळ घेतले, कार्ड यंत्राला लावले, तर पडद्यावर दोन आकडे उमटले : एक सिंगापूर डॉलरचा, एक रुपयांचा. "इंडियन रुपीज, सर?" तिने अशा आपुलकीने विचारले, की नकार देणे म्हणजे माहेरच्या माणसाला दारातून परत पाठवणे. पण हा प्रश्न साधा नव्हे. रुपये म्हटले की भाव तुमची बँक ठरवीत नाही, दुकानदाराच्या बाजूचा दलाल ठरवतो, आणि आपला चांगला घसघशीत नफा त्यात धरून ठरवतो. वर तुमची बँक आपले घेते ते वेगळेच. परमुलखात यंत्राने असे विचारले, की उत्तर एकच : जिथे उभे आहोत तिथले नाणे. काही बोटींवरही कार्ड नोंदवताना हीच होकाराची खूण आधीच करून ठेवलेली असते. ती पाहून पुसायला सांगावी. तिथली मेट्रोदेखील परदेशी कार्डाने प्रवास केला तर दिवसाला साठ सेंट जास्त घेते. ते मात्र आम्ही निमूट दिले. रांगेत उभे राहण्याचा कंटाळा साठ सेंटांत जात असेल, तर तो स्वस्तच म्हणायचा.

बोटीवर खिडकीपाशी मी ३५० डॉलरच्या नोटा मोजून दिल्या, तेव्हा तिथल्या फिलिपिनो तरुणाने माझ्याकडे पणजोबांकडे पाहावे तसे पाहिले. पावती दिली. वही मी बॅगेच्या तळाशी घातली.

तिसऱ्या दिवशी पेनांग आले. बोट स्वेटनहॅम धक्क्याला लागते आणि पायऱ्या उतरले की चालत जॉर्ज टाउन. २००८ साली युनेस्कोने या गावाला जागतिक वारशाचा मान दिला. जुनी दुकाने, दुकानांपुढे छपराखालून जाणाऱ्या पडव्या, चिनी देवळांतल्या उदबत्त्यांचा धूर. दहा मिनिटांवर लिटल इंडिया : मोगऱ्याचे गजरे, तमिळ गाणी, आणि ओळीने बसलेले पैसे बदलून देणारे. उरलेल्या सिंगापूर डॉलरच्या नोटा मी तिथे मोडल्या. नोटा कोऱ्या असाव्यात. शाईची रेघ दिसली तरी हे लोक नाक मुरडतात. मलय भाषेत 'रिंगिट' म्हणजे दातेरी. पूर्वी इथे चालणाऱ्या स्पॅनिश रुप्याच्या डॉलरच्या कडांना दाते असत, त्यावरून ते नाव पडले. आणि एक गंमत ऐका. हा सारा मुलूख एके काळी कलकत्त्याहून चाले, आणि १८३७ पासून १८६७ पर्यंत इथले अधिकृत नाणे आपला रुपया होते! लोक मात्र स्पॅनिश डॉलरच हाती धरून बसले. म्हणजे नाण्यांचा हा घोळ तिथे जुनाच.

पेनांग रोडजवळच्या एका गल्लीत चेंडोल मिळतो. नारळाचे दूध, हिरव्या शेवया, ताडगूळ आणि बर्फ. सौ. कोकणातली. पहिला घास घेऊन म्हणाली, "अहो, हे आपले शिरवाळेच की, फक्त थंडी वाजतेय त्यांना."

तेवढ्यात बोटीवर ओळख झालेले नाशिकचे कुटुंब दिसले. पडवीची पायरी चुकून त्यांच्या आजींचा पाय मुरगळला होता आणि घोटा टरारून सुजला होता. जवळच्या दवाखान्यात नेले. क्ष-किरण फोटो, औषधे, पट्टी, सारे झाले, आणि पैसे द्यायच्या वेळी चिरंजीवांचे कार्ड नाकारले गेले. पुन्हा लावले, पुन्हा नकार. सातशे डॉलर भरलेले फॉरेक्स कार्ड त्यांनी बोटीवर नोंदवले होते. अशा कार्डावर बोट खर्चाच्या अंदाजाने रक्कम अडकवून ठेवते, रोज थोडी वाढवते, आणि ती सुटायला सफर संपल्यावरही काही दिवस जातात. पैसे त्यांचेच, पण कुलपात. दुसरे कार्ड मुंबईच्या बँकेचे. रिझर्व्ह बँकेच्या २०२०च्या नियमाप्रमाणे नवे कार्ड परदेशात चालत नाही, ते आधी आपण चालू करून घ्यावे लागते. ते राहिले होते, आणि आता करायचे तर फोनला इंटरनेट नाही. चिरंजीव घामाघूम, सूनबाई रडवेल्या. आजी मात्र पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "अरे, माझ्या पाटल्या आहेत ना!"

सौ.ने पर्स उघडली आणि आमचे होते नव्हते ते रिंगिट काउंटरवर ठेवले. थोडे कमी पडले, तर खाली जाऊन मी पन्नास अमेरिकन डॉलर मोडून आणले. भाव काय मिळाला ते पाहिलेही नाही. "आजी, पाटल्या नातसुनेला ठेवा," सौ. म्हणाली. हाड मोडलेले नव्हते. संध्याकाळी बोटीच्या इंटरनेटवरून चिरंजीवांनी कार्ड चालू केले. पैसे त्यांनी सिंगापूरला उतरल्यावर पै न पै परत केले, आणि आजींनी वर चिवड्याचा डबा दिला.

फुकेतबद्दल फार लिहीत नाही. पाटोंगच्या उपसागरात मोठी बोट दूर उभी राहते आणि होड्यांनी किनाऱ्यावर नेतात. वाळू सुरेख, गर्दी जुहूची. एटीएमपाशी मात्र जपावे. परदेशी कार्डावर तिथल्या बँका दर खेपेला २२० बाट किंवा त्याहून जास्त घेतात, मग तुम्ही हजार काढा की दहा हजार. आम्ही धक्क्यापासून थोडे आत जाऊन वीस डॉलर मोडले आणि शहाळी प्यालो.

शेवटच्या रात्री दाराखालून बिल आले. खिडकीवर गेलो, सदतीस डॉलर आणि थोडी चिल्लर परत मिळाली. उरलेल्या नोटा पुढच्या खेपेला ठेवाव्यात असा माझा विचार. दोन हजार डॉलरपर्यंत घरी ठेवायला नियमाची आडकाठी नाही. सौ.ने त्या माझ्या हातातून घेतल्या आणि ती सरळ फोटोंच्या दालनात गेली. पहिल्या दिवशी बोटीच्या छायाचित्रकाराने आमचा जोडीने फोटो काढला होता. किंमत पंचवीस डॉलर. आमच्या नाक्यावर एवढ्यात साऱ्या बिऱ्हाडाचे फोटो निघतात, हे मी बोललो नाही. तिने नोटा मोजून पावतीनिशी भरल्या आणि फोटो घेऊन आली. त्यात तिच्या मागे सगळा समुद्र आहे आणि माझे डोळे मिटलेले आहेत.