दारावरची खूण

मुलगी डॉक्टर झाली म्हणून अब्बांनी सोपाऱ्याच्या मोहल्ल्यात पेढे वाटले होते. ती पेशंट तपासत नाही, घरं मोजत फिरते, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. माझा विषय पीएसएम, म्हणजे प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन. एमबीबीएसची मुलं त्याला कंटाळतात. मी मात्र त्यातच एमडी केलं आणि विरार लोकल पकडून मुंबईच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात शिकवायला जाऊ लागले. मुस्लिम वस्त्यांतलं लसीकरण हा माझा प्रबंध. पालक नकार का देतात? मी लिहिलं होतं, 'अज्ञान व गैरसमज.' परीक्षकांनी मान डोलावली.

२००८ सालची गोष्ट. तेव्हा आपण ठाणे जिल्ह्यात होतो. पोलिओचा रविवार होऊन गेला होता आणि घरोघर फेरी चालू होती. संध्याकाळी घरी आले तर आमच्याच दारावर खडूने एक्स आणि शेजारी आर! पी म्हणजे घरातल्या पाच वर्षांखालच्या सगळ्या मुलांना डोस मिळाला, एक्स म्हणजे कुणीतरी राहिलं, आणि आर लागला की घरच्यांनी नकार दिला. हे मी वर्गात फळ्यावर काढून शिकवत असे.

नकार चाचींचा होता. नातवाला मांडीवर घेऊन त्या म्हणाल्या, "बेटा, माझ्या धाकटीला जुलाब झाले त्या रात्री दवाखान्यात सकाळपर्यंत बसवून ठेवलं. कुणी दार उघडलं नाही. आता थेंब घेऊन माझंच दार किती वेळा वाजवतात!"

ती धाकटी मला आठवत होती. १९७९ साल, मी सात वर्षांची. इवलासा जनाजा मी खिडकीतून पाहिला होता. त्याआधी आठ वर्षं, १९७१ मध्ये, बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यावर कॉलऱ्याचे रोगी वाचवले होते. तेही मी दरवर्षी शिकवायची. पण प्रबंधासाठी दारोदार फिरताना, या घरात पूर्वी कुणाचं मूल गेलं होतं का, हे मी एकाही बाईला विचारलं नाही. चाचींनाही नाही.

मी काही समजावलं नाही. समजावण्याचं तोंडच राहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लस देणारी बाई परत आली. चाचींनी तिला विचारलं, "घर कुठे तुझं?" ती मागच्याच चाळीतली निघाली. तिला चहा मिळाला, नातवाला थेंब मिळाले, त्याच्या करंगळीला शाई लागली. डॉक्टर पुतणी आत डबा भरत होती.

पुढे २००९ मध्ये उत्तर प्रदेश-बिहारमधल्या १०७ ब्लॉकांसाठी योजना आखली गेली, तीत थेंबांबरोबर पाणी, स्वच्छता आणि जुलाबावरचे उपचारही आले. मला चाची आठवल्या. भारतातला शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ रोजी हावड्याला सापडला, आणि २७ मार्च २०१४ ला आपल्याला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं.

माझ्या जुन्या प्रश्नावलीत नकाराच्या कारणांना चार चौकटी होत्या. शेवटची 'इतर', बोटभर रुंदीची. आता तिथे दहा कोऱ्या ओळी आहेत, आणि बाई बोलेल त्याच शब्दांत लिहायचं अशी सूचना. संगणकात भरताना फार त्रास होतो, असं विद्यार्थी म्हणतात. होतो.