उतारशाळेचा हिशेब

चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यावर आजवर ऐकलेली बहुतेक प्रवचने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला जाईपर्यंत रेंगाळतात आणि उतारशाळेच्या दाराशी येताच घाईने आटोपतात. माझे मन मात्र अलीकडे त्या दारातून आत शिरून तिथल्या रक्षकापाशीच अडून बसले आहे. लूकच्या दहाव्या अध्यायातला हा गृहस्थ दोन दीनार, म्हणजे त्या काळच्या मजुराची दोन दिवसांची मजुरी, हातावर घेतो आणि वरचा खर्च परतताना फेडीन या एका परक्याच्या तोंडी शब्दावर, ना तारण ना जामीन, त्या घायाळ माणसाला ठेवून घेतो. खर्चाला कमाल मर्यादा नाही, दुखणे जुने की नवे याची चौकशी नाही. पण तो परका परतलाच नसता तर? किंवा परतला आणि रक्षकाने तेलाचे दाम दुप्पट लावले असते तर? शास्त्र्याने विचारले होते ते शेजारी कोण एवढेच. हिशेबाचे कोणी विचारले नाही.

हैदराबादच्या विमा नियामकाने 2024 साली तो विचारला असे म्हणावे लागेल. कॅशलेसच्या अर्जावर 1 तासात निर्णय, घरी सोडताना अंतिम मंजुरी 3 तासांत, आणि त्याहून उशीर झाल्यास रुग्णालय जो जादा आकार लावील तो कंपनीने भागधारकांच्या निधीतून सोसावा, असे फर्मान निघाले. सलाइन काढलेल्या हातावर कापसाचा बोळा दाबून, घरचे कपडे चढवून, मंजुरीची वाट पाहत खाटेच्या कडेवर बसलेला माणूस ज्याने पाहिला आहे, त्याला या कलमात करुणेचा अंश दिसेल. पण दंडाच्या धाकाने पाझरणारी ती करुणा कसली, असेही मन म्हणते. आणि लागलीच दुसरे मन म्हणते, दंड असता तर दाखल्यात त्या घायाळाला टाळून पुढे गेलेले याजक आणि लेवीसुद्धा थांबले असते, आणि घायाळाला तेवढे पुरले असते.

दंडाच्या धाकाविना चालणारी करुणाही आहे. अमेरिकेत 2010 च्या आरोग्यविमा कायद्याने, परस्परांचा वैद्यकीय खर्च वाटून घेणाऱ्या आणि 1999 अखेरपासून अखंड चालत आलेल्या धर्ममंडळ्यांच्या सभासदांना विम्याच्या सक्तीतून सूट दिली. या मंडळ्या बहुतांशी ख्रिस्ती. तिथे एकमेकांची ओझी वाहिली जातात ती श्रद्धेने, मात्र बिल भरलेच जाईल अशी कायदेशीर हमी कोणी देत नाही. म्हणजे पुन्हा तो तोंडी शब्दच. मला तो मोहवतो. माझ्या घरातल्या आजाऱ्यासाठी मात्र मी शिक्क्याचा कागदच मागेन.

त्यातही आपल्याकडे नियामकाचा हात पोचतो तो विमा कंपनीपर्यंत. आजच्या उतारशाळेचे, म्हणजे रुग्णालयाचे, दर त्याच्या अखत्यारीत नाहीत. ज्या रक्षकाच्या भोळ्या विश्वासावर मी लुब्ध झालो, त्याच्याच वहीची तपासणी आधी व्हायला हवी होती की काय, आणि तशी ती होणार असती तर त्या रात्री त्याने दार उघडले असते की नाही, हे मला ठरवता येत नाही.