सत्राचे वेळापत्रक आणि मराठीचा तास

गतवर्षी पावसाळ्याच्या तोंडी आमची पुतणी पदवीच्या पहिल्या वर्षात प्रवेश घेऊन आमच्याकडे राहावयास आली. खानापूर तालुक्यातील आमच्या मूळ गावी दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली, नंतरची दोन वर्षे तालुक्याच्या गावी काढलेली ही मुलगी बेळगावात आली, तेव्हा तिच्या सामानात एक ट्रंक, आजीने दिलेली तांदळाची पिशवी आणि शंभर पानी वही एवढेच होते. वहीच्या पहिल्या पानावर तिने पट्टीने रेघा ओढून सत्राचा आराखडा मांडला होता. डावीकडे आठवडे, वर विषय, आणि मध्ये तीन रंगांच्या शाईने चाचण्या, निबंध, भित्तिपत्रक, नाटकाच्या तालमी. वकिली करताना आमची स्वतःची दैनंदिनी इतकी नेटकी कधी राहिली नाही, हे आम्ही प्रांजळपणे कबूल करतो.

आमचे महाविद्यालयीन दिवस निराळे होते. १९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरुद्धचे आंदोलन सीमाभागात पेटले आणि गोळीबारात माणसे गेली, तेव्हा आम्ही नुकतेच दहावी उत्तीर्ण झालो होतो. पुढे पदवीला गेलो, ते त्या दिवसांचा धूर नाकात घेऊनच. विद्यापीठ धारवाडचे, परीक्षा वर्षातून एकदा, त्यामुळे जूनपासून जानेवारीपर्यंतचा काळ आमचाच असे. भित्तिपत्रकावर हुतात्म्यांवरील कविता, स्नेहसंमेलनात एकांकिका, आणि दुपारी सार्वजनिक वाचनालयात बैठक. १८४८ साली स्थापन झालेले हे वाचनालय म्हणजे आमचे दुसरे महाविद्यालयच होते. याच गावात पु. ल. देशपांडे यांनी काही काळ अध्यापन केले, इंदिरा संत येथेच राहून लिहीत होत्या, आणि १९४६ च्या साहित्य संमेलनात ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला तोही येथेच, हे आम्हांस पाठ होते. मराठी विषय घ्यावा की घेऊ नये, हा प्रश्नच त्या काळी कोणाच्या मनात येत नसे.

आता वर्षाची दोन सत्रे झाली आहेत. अभ्यासक्रम सुरू होतो न होतो तोच पहिली चाचणी येते, अंतर्गत गुणांसाठी सादरीकरण येते, आणि विद्यार्थी श्वास घेईपर्यंत पुढील सत्राचे शुल्क भरण्याची सूचना लागते. या घाईत भाषेचा विषय कोणता घ्यायचा, याचा निर्णय प्रवेश अर्जाच्या एका चौकटीत खूण करून पाच मिनिटांत होऊन जातो. त्या पाच मिनिटांत काय हरवते, याची कथा सांगण्यासाठी हा लेख.

दुसऱ्या आठवड्यात पुतणी घरी आली ती उतरलेल्या चेहऱ्याने. प्रथम वर्षाला मराठी घेणारे अवघे नऊ विद्यार्थी आहेत, किमान पंधरा झाले नाहीत तर वर्ग चालविता येणार नाही, आणि त्या नवांनी दुसरी भाषा निवडावी, असे महाविद्यालयात सांगण्यात आले होते. हे ऐकताच आमच्यातील वकील आणि आमच्यातील कार्यकर्ता दोघेही एकदम जागे झाले. रात्री जेवण उरकून आम्ही निवेदनाचा मसुदा लिहावयास बसलो. राज्यघटनेचा अनुच्छेद २९, अनुच्छेद ३०, १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेले ३५० क आणि ३५० ख, सारे क्रमाने मांडले.

मसुदा वाचून पाहताना मात्र आमचीच लेखणी अडखळली. अनुच्छेद २९ आपली भाषा जतन करण्याचा हक्क देतो. ३० अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क देतो. ३५० क मातृभाषेतील शिक्षणाच्या सोयींविषयी बोलतो, पण तो प्राथमिक टप्प्यापुरता. ३५० ख नुसार भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमला जातो, त्याचे काम चौकशी करून राष्ट्रपतींना अहवाल देण्याचे. पदवीच्या वर्गात नऊ मुलांसाठी मराठीचा तास चालवा, असे थेट सांगणारे वाक्य यांपैकी कोठेही नाही. २०२१ साली नव्या शैक्षणिक धोरणाच्या निमित्ताने कर्नाटक शासनाने पदवीला कन्नड सक्तीचे केले, तेव्हा उच्च न्यायालयाने त्या सक्तीला अंतरिम आदेशाने आवर घातला होता. पण तेथे प्रश्न सक्तीचा होता. येथे कोणी कोणावर सक्ती केलेलीच नव्हती. मुलांनी मराठीच्या चौकटीत खूण केली नव्हती, एवढेच घडले होते. न केलेल्या खुणेविरुद्ध दावा कोणावर लावायचा?

सकाळी पुतणीने मसुदा वाचला, घडी करून आमच्या हाती परत दिला आणि म्हणाली, "काका, नोटीस नको. मी आधी विचारून बघतो की, पोरं मराठी का घेईनात ते."

तिने तीन दिवस विचारपूस केली आणि वहीत एक कोष्टक मांडले. आम्ही गृहीत धरले होते की उत्तरे येतील ती अशी: मराठीने नोकरी मिळत नाही, इंग्रजी बरी, कानडी लागतेच. अशी उत्तरे काही होती. पण बहुतेकांचे उत्तर वेगळेच निघाले. मराठीचा तास दिवसाच्या अगदी शेवटी होता. खेड्यांवरून येणाऱ्या मुलामुलींना त्या तासाला बसले की गावाकडची बस चुकत होती, आणि पुढील बस येईपर्यंत अंधार पडत होता. आणि मराठी घरात बोलणारी बहुसंख्य मुले खेड्यांवरूनच येत होती. शहरात राहणारी, उशिरापर्यंत थांबू शकणारी मराठी मुले इंग्रजी माध्यमातून आलेली. त्यांना मराठी लिहिण्याचीच धास्ती.

पुतणीने सहा मैत्रिणींना घेतले आणि प्राचार्यांकडे एकच मागणी केली: तास शेवटचा नको, मधल्या सुट्टीआधीचा द्या. ती आम्हांस म्हणाली होती, "भांडायला न्हाई जात आम्ही, तास बदलून मागायला जातोय." तास बदलला. विषय बदलण्याची मुदत उलटण्यापूर्वी मराठी घेणाऱ्यांची संख्या अठरा झाली.

आमचा मसुदा अजून खणात पडून आहे. तो लिहिल्याचा आम्हांस पश्चात्ताप नाही, कारण मागणी नाकारली गेली असती तर कागद हाती असणे आवश्यकच होते. परंतु एक गोष्ट आम्हांस टोचली. १९५६ पासूनच्या अन्यायाची जंत्री आम्हांस मुखोद्गत आहे, महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालातील त्रुटी आम्ही झोपेतही सांगू, २००४ साली महाराष्ट्र शासनाने अनुच्छेद १३१ अन्वये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्यावर आम्ही अनेक व्याख्याने दिली. आणि आमच्याच गावात मराठीचा तास बसच्या वेळेवर अडला आहे, हे आम्हांस ठाऊक नव्हते.

याहून मोठी टोचणी घरातली आहे, आणि ती लपविणे योग्य होणार नाही. आमचे चिरंजीव याच शहरात पदवीधर झाले. त्यांना आम्ही इंग्रजी माध्यमात घातले होते. पदवीला त्यांनी भाषेच्या चौकटीत हिंदीपुढे खूण केली, कारण गुण सोपे मिळतात. अर्जावर पालकाची स्वाक्षरी आमची आहे. त्याच आठवड्यात आम्ही एका सभेत मातृभाषेवर तासभर बोललो होतो. आज ते पुण्यात नोकरी करतात आणि आम्हांस भ्रमणध्वनीवर मराठी संदेश रोमन लिपीत पाठवितात. आम्ही त्यांना बोल लावू शकत नाही.

पहिले सत्र संपले, दुसरे लागले, आणि पुतणीच्या वहीत एकांकिकेच्या तालमी अवतरल्या. संहिता मुलींनीच मिळून लिहिली. विषय साधा. खेड्यातल्या आजीच्या नावावरील शेत, त्याचा जुना मराठी कागद, आणि तो कागद वाचता न येणारी नात. हे कथानक तिला आमच्या कचेरीत सापडले असावे. बेळगाव मुंबई प्रांतात असतानाची कितीतरी खरेदीखते, वाटणीपत्रे आमच्याकडे येतात, आणि ती मराठीत असतात. त्याहून जुनी मोडीत. पक्षकार कागद पुढे करतात आणि म्हणतात, "वकीलसाहेब, यात काय हाय तेवढं सांगा." आपल्याच आजोबांच्या भाषेतील कागद नातवाला परका झालेला आम्ही दर आठवड्यास पाहतो. तालमी कॅन्टीनमागच्या पडवीत, दुपारच्या सुट्टीत चालत, कारण बसचे वेळापत्रक येथेही होतेच.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत प्रयोग रंगला. परीक्षकांपैकी एकांनी मात्र नंतर सांगितले की अभिनय उत्तम, परंतु मुलींच्या तोंडी "मी जातो", "मी बघतो" अशी पुल्लिंगी क्रियापदे येतात, तेवढी भाषा शुद्ध करून घ्यावी. मुली हिरमुसल्या. त्या रात्री पुतणीने आम्हांस विचारले, "काका, आमचं चुकलं काय?"

आम्ही तिला जे सांगितले ते वाचकांसही सांगतो. बेळगाव-खानापूर भागात, आणि कोल्हापूरकडील खेड्यांतही, बायका "मी येतो", "मी जातो" असे सर्रास बोलतात. कानडीत प्रथमपुरुषी क्रियापदास लिंगभेद नाही. पुरुष म्हणो वा स्त्री म्हणो, "नानु होगुत्तेने" एकच. शतकानुशतके शेजारी नांदलेल्या दोन भाषांचे परस्परांच्या अंगणात येणेजाणे असते. अण्णा, अक्का, तूप, अडकित्ता, खलबत्ता हे शब्द मराठीने कानडीकडून घेतले म्हणून सांगितले जातात, आणि ते उच्चारताना पुण्याच्या माणसाचीही जीभ अडत नाही. मग आमच्या आजीचे "मी जातो" तेवढे अशुद्ध कसे? परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत प्रमाण मराठी लिहावी, ती शिकावीच. पण रंगमंचावर खानापूरची आजी उभी करायची आणि तिच्या तोंडी सदाशिव पेठेची क्रियापदे घालायची, हे नाटकाशीही बेइमानीचे आहे.

सीमाभागाचे दुखणे असे दुहेरी आहे. इकडे आमचा फलक मराठीत असावा म्हणून झगडावे लागते, आणि तिकडे आमची मराठी मराठीच आहे हे पटवून द्यावे लागते. कर्नाटकाच्या सक्तीला आमचा विरोध आहे आणि राहील. कानडी भाषेशी मात्र आमचे वैर नाही. न्यायालयात आम्ही रोज तीच बोलतो. ती आमच्या क्रियापदांत येऊन बसली आहे, तिला बाहेर काढायचे म्हटले तर आमच्या आजीलाच घराबाहेर काढावे लागेल.

एकांकिकेस उत्तेजनार्थ पारितोषिक मिळाले. पुतणीच्या वहीत आता तिसऱ्या सत्राचा आराखडा तयार आहे. त्यात प्रकल्पाच्या रकान्यात तिने लिहिले आहे: गावातील वृद्ध स्त्रियांच्या बोलीतील शब्द गोळा करणे. आणि शनिवारच्या रकान्यात: काकांच्या कचेरीत जुने कागद वाचणे, चार मैत्रिणी. आम्ही मोडी लिपी अर्धवट जाणतो. तिच्यासाठी ती पुन्हा गिरवू लागलो आहोत, रोज रात्री पाऊण तास. चिरंजीवांना गणपतीत घरी आल्यावर त्यांच्या पणजोबांचे वाटणीपत्र दाखविण्याचे ठरविले आहे. ते वाचतील की नाही, सांगवत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा आपण सर्वांनी पेढे वाटले, बेळगावात आम्ही कुंदा वाटला. तो आनंद रास्तच होता. परंतु गोव्यात, बडोद्यात, हैदराबादेत विद्यापीठांचे मराठी विभाग आहेत, आणि त्या विभागांचा जीव वर्गात बसणाऱ्या मुलांच्या संख्येत आहे. म्हणून इंदूर, ग्वाल्हेरपासून पणजीपर्यंतच्या आमच्या वाचकांस एक नम्र विनंती आहे. आपल्या घरातील मूल येत्या सत्राचा अर्ज भरील, तेव्हा त्याच्याजवळ बसावे. भाषेच्या चौकटीत काय खूण होते ते पाहावे. मराठीपुढे खूण झाली नाही, तर त्याच्यावर रागावू नये. का झाली नाही, एवढे शांतपणे विचारावे, आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्यावे. आम्ही आमच्या मुलास ते विचारले नव्हते.