फुकटच्या शिंपल्या

"अगं बाई, दोनशे वीस रुपये! आमच्याकडे समुद्रावर या शिंपल्या फुकट मिळतात."

दिल्लीतील मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात मी विक्रीसाठी एक टेबल मांडले होते. त्यावरचे शिंपल्यांचे तोरण हातात धरून एक वयस्क बाई असे म्हणाल्या, आणि तोरण जपून खाली ठेवून पुढे गेल्या. वाचकहो, त्यांच्या बोलण्यात कुत्सितपणा मुळीच नव्हता. बोलण्याच्या हेलावरून त्या कोकणातल्या वाटल्या, आणि अंगणात पडलेली वस्तू परगावी विकत मिळताना पाहून कोणालाही वाटावे तेवढेच आश्चर्य त्यांना वाटले असावे. मी हसून मान डोलावली. परंतु 'फुकट' हा शब्द मनात रुतून बसला.

मी व्यवसायाने अनुवादक आहे. दुसऱ्यांनी लिहिलेले लेख मराठीत आणावयाचे, त्यांवर संपादकीय हात फिरवावयाचा, हे माझे रोजचे काम. अनुवाद चांगला साधला म्हणजे त्यामागचे श्रम वाचकाला जाणवत नाहीत, आणि तसेच असावयास हवे. तरीही संध्याकाळी डोळ्यांना दिसेल, हाताला लागेल असे काहीतरी करावे अशी ओढ मला लागली, आणि चार वर्षांपूर्वी मी पहिले तोरण ओवले.

माझे आजोळ सिंधुदुर्ग जिल्ह्यातील शिरोडा. तेथे माझी मावशी राहते. आमच्या आजोळी तिसऱ्यांची एकशिपी आवडीने खातात. ती करताना मांस एका शिंपीत ठेवतात आणि दुसरी शिंप टाकून देतात. या टाकाऊ शिंपा मावशी जमवते, साबणाच्या पाण्यात भिजत घालते, ब्रशाने घासते, दोन दिवस उन्हात वाळवते आणि आकाराप्रमाणे निवडून मला पार्सलने पाठवते. किनाऱ्यावरचे शंख मात्र ती मला उचलू देत नाही. लहानपणी एकदा मी ओंजळ भरली, तेव्हा ती म्हणाली होती, "शंख उचलू नको गो, तेच्यात कुर्ली रवता." रिकामा दिसणारा शंख हे पुष्कळदा एखाद्या खेकड्याचे घर असते, किंवा उद्या होणार असते. पुढे अनुवादाच्या निमित्ताने मला कळले की, 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याखाली 2001 मध्ये शंख-शिंपल्यांच्या काही जातींना आणि प्रवाळालाही संरक्षण मिळाले आहे. तेव्हा ही कला ज्यांना शिकावयाची असेल, त्यांनी स्वयंपाकघरापासून सुरुवात करावी, हे उत्तम.

शिंपेला भोक पाडणे हे सर्वांत नाजूक काम. कोरड्या शिंपेची बारीक भुकटी नाकात जाणे बरे नव्हे. म्हणून शिंप पाण्याने भरलेल्या ताटलीत ठेवून हाताच्या गिरमिटाने हळूहळू भोक पाडावे आणि नाकाला फडके बांधावे. जोर जास्त झाला तर शिंप तडकते. माझ्या हातून सहांतली एक तरी फुटतेच.

त्या रात्री घरी आल्यावर मी कागद पुढे ओढला आणि त्या बाईंना द्यावयाचे उत्तर मांडू लागले. एका तोरणाला 48 शिंपा लागतात. दोरा, मणी आणि वरची काठी यांचे 40 रुपये. पार्सल आणि टेबलाचे भाडे यांची वाटणी 20 रुपये. उरले 160. भोके पाडावयास दोन तास, ओवावयास दीड तास. म्हणजे तासाला सुमारे 46 रुपये. हिशेब पाहून मला समाधान वाटले. शिंपली फुकट असेल, पण माझे साडेतीन तास फुकट नाहीत, असे मी मनातल्या मनात त्या बाईंना ठणकावून सांगितले.

कागदाची घडी घालता घालता हात थांबला. भिजवणे, घासणे, वाळवणे, निवडणे यांचे तास कोठे होते? दर तोरणामागे मावशीचा दीड तास तरी सहज जात असेल. चार वर्षे तिची पार्सले मी उघडत आले. मे महिन्यात तिच्यासाठी दिल्लीहून साडी नेली म्हणजे फेड झाली, असे मानत आले. ते तास धरले तर तासाचे 46 नव्हे, 32 रुपयेच होत होते. बाजारातल्या बाईंनी शिंपल्यांना फुकट म्हटले होते. मावशीच्या श्रमाला फुकट धरले होते ते मी.

दुसऱ्या दिवशी मी तिला दूरध्वनी केला आणि दर तोरणामागे 60 रुपये पाठवीन असे सांगितले. ती हसली. "शिंपल्यांचे कसले पैसे गो? उकिरड्यारच जातले ते." बाजारातल्या बाई बोलल्या तेच मावशीही बोलत होती. मी म्हटले, "शिंपल्यांचे नव्हेत मावशी, तुझ्या वेळाचे." पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग तिने विषय बदलला.

पुढच्या वर्षी तोरणाची किंमत मी 280 रुपये ठेवली. वीस तोरणांपैकी तेरा खपली. सात परत आणावी लागली. आदल्या वर्षी एकही उरले नव्हते. तेव्हा या बदलाची किंमत मलाही मोजावी लागली, हे वाचकांपासून लपवीत नाही. घरबसल्या काही करून विकणाऱ्या भगिनींना माझे एकच सांगणे आहे. किंमत ठरवण्यापूर्वी त्या वस्तूला लागलेले सर्व तास कागदावर मांडावेत. आपले मांडावेतच, पण सासूबाईंनी, मुलीने, शेजारणीने दिलेलेही मांडावेत. खपाच्या भीतीने किंमत कमी ठेवावी लागली तरी हरकत नाही. आपण कोणाचे श्रम कमी धरीत आहोत, हे निदान आपल्याला ठाऊक असावे.

मावशीने पैशांचा विषय पुन्हा काढला नव्हता. परवा मात्र तिचाच दूरध्वनी आला. पावसापाण्याची चौकशी झाली, आणि फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "ह्या खेपेक दीडशे झाले. लिवन ठेव."

मी लिहून ठेवले.